आवडीचे काम की चांगल्या पगाराचे? रंगभूमीकडे वळू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवडीचे काम निवडावे की चांगला पगार देणारे, हा प्रश्न संगीत, चित्रकला, खेळ, संशोधन अशा अनेक क्षेत्रांतील तरुणांना पडतो. येथे तो मराठी रंगभूमीपुरता घेतला आहे. नोकरी आणि कला यांची सांगड घालण्याच्या जवळपास सगळ्या तऱ्हा या रंगभूमीवरील माणसांनी स्वतः जगून पाहिल्या आहेत, त्यामुळे सर्वसाधारण उपदेशापेक्षा त्यांच्या आयुष्याकडे पाहून बोलणे अधिक उपयोगाचे ठरते. ही उत्तरे निर्णय घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहेत आणि काळजीने रात्र रात्र जागणाऱ्या त्यांच्या पालकांसाठीही आहेत.

महाविद्यालयात नाटक करताना जो आनंद मिळाला तो पुढेही टिकेल, हे कसे ओळखावे?

पुण्यात १९६३ पासून होत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत ज्यांनी एकदा तरी भाग घेतला आहे, त्यांना भरत नाट्य मंदिरातले ते वातावरण आयुष्यभर आठवते. तासाभराची एकांकिका, त्यासाठी महिना-दीड महिना रात्री उशिरापर्यंत चाललेल्या तालमी, बाहेर ‘अरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्या आणि निकालाच्या दिवशीची धाकधूक यांनी भारलेला मुलगा घरी येऊन ‘मला आता फक्त नाटकच करायचे आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. मात्र त्या आनंदात मित्रांची सोबत, वीस वर्षांचे वय, महाविद्यालयाची इभ्रत आणि स्पर्धेची चुरस यांचाही मोठा वाटा असतो, आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली की या साऱ्या गोष्टी एकाच वेळी निघून जातात.

म्हणून खरी कसोटी महाविद्यालय सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षी लागते. त्या वर्षी आपण स्वतःच्या खिशातले पैसे खर्चून इतरांची नाटके पाहायला जातो का, ज्यात आपल्याला भूमिका मिळण्याची शक्यता नाही अशा संहिता वाचतो का, दुसऱ्याच्या नाटकासाठी लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे) उचलणे, प्रॉपर्टी (प्रयोगात लागणाऱ्या वस्तू) सांभाळणे, प्रकाशयोजनेच्या क्यू (दिवे बदलण्याच्या खुणा) लिहून घेणे ही कामे तक्रार न करता करतो का, हे प्रामाणिकपणे तपासून पाहावे. रंगभूमीवरचा बहुतेक वेळ टाळ्यांमध्ये जात नाही, तो विंगेत थांबण्यात, टेम्पोत सामान चढवण्यात आणि एकच प्रवेश पंचवीस वेळा करण्यात जातो. हा भागही ज्याला हवाहवासा वाटतो, त्याने पुढचे प्रश्न वाचावेत. ज्याला केवळ प्रयोगाचा दिवस आवडतो, त्याचीही आवड खरीच असते, परंतु तिच्यासाठी नोकरी सोडण्याची गरज नसते.

व्यावसायिक रंगभूमीवर पैसे नेमके कसे मिळतात?

या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर फार कमी जण देतात, म्हणून ते विस्ताराने देत आहे. नटाला मिळणाऱ्या प्रत्येक प्रयोगाच्या मानधनाला नाइट म्हणतात. ती नटाचे नाव, भूमिकेचा आकार आणि निर्मात्याची ऐपत यांवर ठरते. तालमीच्या काळात नवोदितांना सहसा मानधन मिळत नाही, फार तर चहा-नाश्ता आणि कधी प्रवासखर्च मिळतो.

समजा, एका नव्या नटाची नाइट दीड हजार रुपये ठरली आणि नाटक बरे चालून महिन्याला दहा प्रयोग होऊ लागले. त्याची महिन्याची मिळकत पंधरा हजार रुपये झाली. आता यात त्याआधीचा दीड महिन्याचा विनामोबदला तालमीचा काळ मिळवावा, परीक्षांचे दिवस, निवडणुका आणि धो-धो पावसाचे आठवडे वजा करावेत, मुख्य भूमिकेतील नट चित्रीकरणात अडकल्यामुळे रद्द झालेले प्रयोग वजा करावेत, म्हणजे वर्षाची खरी सरासरी हाती येते. ती पंधरा हजारांच्या बरीच खाली असते. शिवाय प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी लागत असल्याने एकाच वेळी दोन-तीन नाटके करून मिळकत दुप्पट-तिप्पट करणे तारखांच्या दृष्टीने अवघड जाते. दुपारी दादरचे शिवाजी मंदिर आणि रात्री ठाण्याचे गडकरी रंगायतन अशी धावपळ करणारे नट आहेत, पण तिथवर पोहोचायलाही काही वर्षे जावी लागतात.

मालिकांमधून मिळणारा पैसा अधिक असतो आणि तो दिवसाच्या हिशेबाने ठरतो, परंतु तो हातात येण्यास सर्वसाधारणपणे तीन महिने लागतात. म्हणजे श्रावणात केलेल्या कामाचे पैसे दिवाळीनंतर मिळतात. मालिका मिळाली म्हणून त्याच आठवड्यात मोठ्या भाड्याची खोली घेणारे कलाकार यामुळेच अडचणीत येतात. प्रायोगिक नाटकातून उपजीविका होत नाही. तेथे बहुतेकदा पदरचे पैसे घालावे लागतात, हे आधीच मान्य करून त्या वाटेला जावे. डबिंग, जाहिरातींचे आवाज, शाळांमधील नाट्यशिबिरे, मालिकांसाठी संवादलेखन आणि कार्यक्रमांचे निवेदन यांवर अनेक रंगकर्मींचा संसार प्रत्यक्षात चालतो. यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काहीही नाही.

मला किती पैसे पुरतील, हे कसे ठरवावे?

पगाराच्या आकड्यावरून ठरवू नये, खर्चावरून ठरवावे. सलग सहा महिने प्रत्येक खर्च लिहून ठेवावा आणि त्याचे तीन भाग करावेत: ज्यावाचून चालणारच नाही असा खर्च, घरी द्यावे लागणारे पैसे आणि केवळ पगार आहे म्हणून होणारा खर्च. पहिल्या दोन भागांची महिन्याची सरासरी बेरीज हा आपला तळ होय. नोकरी करणाऱ्या बहुतेकांना तिसरा भाग आपल्या समजुतीपेक्षा मोठा आढळतो आणि तो पाहूनच निर्णय बराच सोपा होतो. तळाच्या आकड्याला बाराने गुणून जी रक्कम येते, तेवढी शिल्लक हाताशी येईपर्यंत पूर्णवेळ नाटकाकडे वळू नये, असे माझे मत आहे. सहा महिन्यांची शिल्लक पुरते असे काही जण सांगतात, परंतु एक नाटक बसायला, लागायला आणि पडायला सहा महिने सहज जातात.

डॉ. श्रीराम लागूंनी चांगला चाललेला वैद्यकीय व्यवसाय सोडला. मग आम्ही का सोडू नये?

हे उदाहरण पालकांसमोर सर्वांत जास्त वेळा ठेवले जाते, आणि बहुतेकदा ते अर्धेच सांगितले जाते. डॉ. लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. परदेशात प्रशिक्षण घेऊन त्यांनी पुण्यात आणि पुढे टांझानियात वैद्यकीय व्यवसाय केला. १९६९ साली ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून त्यांनी पूर्णवेळ अभिनय स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले. इथपर्यंतचा भाग सर्वांना ठाऊक असतो.

त्यांचा जन्म १९२७ सालचा, म्हणजे हा निर्णय घेताना त्यांचे वय बेचाळीसच्या आसपास होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय सांभाळत ते त्याआधी अनेक वर्षे पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनसारख्या संस्थांमधून हौशी रंगभूमीवर काम करीत होते. त्यांनी उडी घेतली तेव्हा आपल्याला अभिनय येतो का, प्रेक्षक आपल्याला स्वीकारतात का, या प्रश्नांची उत्तरे त्यांना मिळालेली होती, आणि वेळ पडली तर परत जाण्यासारखी पदवी हाताशी होती. या साऱ्यामुळे त्यांच्या निर्णयाचे धैर्य तिळभरही कमी होत नाही. बावीस वर्षांच्या मुलाने त्यांचे उदाहरण घेताना त्या आधीच्या वर्षांचेही अनुकरण करण्याची तयारी ठेवावी, एवढेच सांगणे आहे.

त्यांच्याच आसपासच्या इतरांनी वेगळा मार्ग घेतला. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आले, तेव्हा त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ होते आणि दौंडला त्यांचा वैद्यकीय व्यवसाय होता. नाना फडणवीसांची भूमिका करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ म्हणून बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत राहिले. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्याच महाविद्यालयात नोकरी करीत होते, आणि ती नोकरी चालू असतानाच त्यांनी आपली महत्त्वाची नाटके लिहिली. पुढे १९९६ साली ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. भारतीय रंगभूमीच्या इतिहासात ज्याची नोंद झाली, ते नाटक उभे करणाऱ्या या माणसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या कामावर हजर राहणे सोडले नव्हते.

म्हणजे नोकरी सांभाळून नाटक करता येते का?

येते, पण त्या नोकरीने संध्याकाळ मोकळी सोडली पाहिजे. अशोक सराफ यांनी अनेक वर्षे स्टेट बँकेत नोकरी केली, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, आणि वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकानेही आयुष्याची कितीतरी वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात काढली. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, बेस्ट आणि कारखाने यांच्या कर्मचाऱ्यांनी मराठी हौशी रंगभूमी अनेक दशके तोलून धरली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांमधून कामगारांनी नाटके केली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक चळवळ उभी राहिली, तिच्यातही दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारी माणसे मोठ्या संख्येने होती. कार्यालय ठरल्या वेळी सुटत असे आणि लोकल पकडून तालमीला पोहोचता येत असे, या दोन साध्या गोष्टींवर तो सारा व्यवहार उभा होता.

आजच्या पगारदार तरुणाची संध्याकाळ वेगळी असते. हिंजवडीतील एखाद्या संगणक कंपनीत काम करणारी मुलगी साडेसहाला जागेवरून उठते, वाकडच्या पुलापाशी वाहनांच्या रांगेत अडकते आणि सदाशिव पेठेतल्या तालमीच्या खोलीवर पोहोचते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. इतरांचे पहिले दोन प्रवेश तोवर करून झालेले असतात. नऊ वाजता तिला अमेरिकेतील सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी कानाला हेडफोन लावून जिन्यात जाऊन बसावे लागते. पावणेदहाला ती परत येते, तेव्हा दिग्दर्शक तिच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी उभे करून हालचाली बसवत असतो. महिनाभराने तिला स्वतःलाच वाटू लागते की आपण कोणतेच काम धड करीत नाही. यात तिची जिद्द कमी पडत नाही, ते वेळापत्रकच अशक्य असते.

त्यामुळे नाटक करायचे आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याने नोकरी निवडताना पगाराबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: कामाची वेळ खरोखर किती वाजता संपते, शनिवार-रविवार मोकळे असतात का, आणि घर, कार्यालय व तालमीची जागा यांतील अंतर किती आहे. दहा हजार रुपये कमी देणारी पण सहाला सुटणारी नोकरी अशा माणसासाठी पुष्कळदा अधिक मोलाची असते. शिक्षकी पेशा, ग्रंथालये, विद्यापीठांची कार्यालये आणि काही शासकीय पदे या दृष्टीने आजही पाहण्यासारखी आहेत.

नोकरीत असताना मानधन घेऊन काम करण्यास कायद्याची आडकाठी येते का?

शासकीय सेवेत वर्तणूक नियम लागू असतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या नियमांनुसार, सरकारी कामात बाधा येत नसेल तर प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक किंवा कलाविषयक काम करता येते, मात्र नियमित व्यवसाय करता येत नाही. मानधन घ्यायचे असेल तर कार्यालयाला विचारून, लेखी उत्तर घेऊन मगच पुढे जावे. खासगी कंपनीत नियुक्तीपत्रातील इतर कामांविषयीचे कलम वाचावे. बहुतेक जण ते सही करताना वाचत नाहीत आणि मालिकेत चेहरा दिसल्यावर वरिष्ठांनी बोलावले की मग शोधू लागतात.

आधी दहा वर्षे भरपूर कमावून घेतले आणि मग नाटकाकडे वळले तर?

ही योजना ऐकायला सर्वांत शहाणपणाची वाटते, पण ती पार पडताना फार कमी वेळा दिसते. पगार वाढतो तसा खर्चाचा तळही वर सरकतो. तिशीच्या आत घराचे वीस वर्षांचे कर्ज घेतले जाते, आणि हप्ता सुरू झाल्यावर उत्पन्नात खंड पडू देण्याचे स्वातंत्र्य संपते. दुसरी अडचण अशी की अभिनय, लेखन, दिग्दर्शन ही कामे मधल्या दहा वर्षांत आपली वाट पाहत थांबत नाहीत. ज्या वयात चुका करून शिकायचे, ते वय निघून जाते आणि बरोबरीचे लोक पुढे गेलेले असतात.

दोन्ही बाजूंच्या दारांना वयाची मर्यादा असते, हेही लक्षात ठेवावे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे तिशीच्या आत अर्ज करावा लागतो. बँकांच्या लिपिक पदासाठी खुल्या प्रवर्गात २८ आणि परिविक्षाधीन अधिकारी पदासाठी ३० वर्षांची मर्यादा असते. राज्यसेवा परीक्षेसाठी ती खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत आहे. म्हणजे बाविसाव्या वर्षी नाटकाला तीन-चार वर्षे देणाऱ्यासाठी नोकरीची बहुतेक दारे उघडीच राहतात. उलट बत्तिसाव्या वर्षी नाटकाकडे वळणाऱ्यासाठी प्रशिक्षणाचे दार बंद झालेले असते आणि बँकेचेही. काही वर्षे पैशांसाठी द्यायचीच असतील, तर त्या काळात कर्ज घेऊ नये, खर्च वाढवू नये आणि वर्षातून किमान एक नाटक करावे. या तीन अटी पाळल्या तर ही योजनाही तडीस जाऊ शकते.

घरची परिस्थिती बेताची आहे. मला आवडीचा विचार करण्याचा हक्क आहे का?

हक्क निश्चितच आहे. परंतु आवडीच्या मागे जा असे सरसकट सांगणाऱ्यांपासून आपण सावध राहावे, कारण तो सल्ला देणाऱ्यांपैकी अनेकांच्या पाठीशी शहरातले स्वतःचे घर, कमावता जोडीदार किंवा निवृत्तिवेतन घेणारे वडील असतात, आणि ते ही गोष्ट सांगायला विसरतात. पुण्यात स्वतःचे घर असलेल्या मुलाला दोन वर्षे न कमावता काढता येतात. बीडहून किंवा वाशीमहून आलेल्या, कॉट बेसिसवर राहून मेसचा डबा खाणाऱ्या आणि घरी धाकट्या बहिणीच्या फीचे पैसे पाठवणाऱ्या मुलाला तसे करता येत नाही. या दोघांना एकच सल्ला देणे मला अन्यायाचे वाटते.

कलेचा इतिहास सुस्थितीतल्या माणसांनीच घडवला, असे मात्र मुळीच नाही. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली, पुढे ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले आणि त्या साऱ्या काळात कविता लिहीत राहिले. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत असत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून रंगमंचावर आले. दोघांनीही पोट आणि कला यांपैकी एकाची निवड केली नाही, कारण तशी निवड करण्याची मुभाच त्यांना नव्हती. घरची जबाबदारी असलेल्या मुलाने आधी नियमित पगार हाती घ्यावा, शिक्षणाचे कर्ज फेडावे, आणि या काळात आठवड्यातील दोन संध्याकाळी नाटकासाठी राखाव्यात, असे मी सुचवेन. या क्रमाने चालल्यास दहाऐवजी पंधरा वर्षे लागतील, पण घर मोडणार नाही आणि नाटकही सुटणार नाही.

आई-बाबांना हे कसे सांगावे?

स्वप्न सांगू नये, हिशेब सांगावा. ‘मला नाटकाशिवाय जगता येणार नाही’ या वाक्याने आईच्या पोटात गोळा येतो आणि बाबा गप्प होतात. त्याऐवजी किती काळ प्रयत्न करणार, त्या काळात खर्च कसा भागणार, कोणती गोष्ट घडली तर मी मागे फिरेन आणि मागे फिरल्यावर काय करणार, हे चार मुद्दे कागदावर लिहून न्यावेत. दोन वर्षांची मुदत ठरवून मागितली तर नकार देणारे पालक माझ्या पाहण्यात कमी आहेत. मुदतच नसेल तर त्यांची भीती रास्त असते.

मुलींच्या बाबतीत पैशांपलीकडची काळजी असते. तालीम रात्री किती वाजता संपते, शेवटची लोकल चुकली तर काय, दौऱ्यावर राहण्याची व्यवस्था काय, हे प्रश्न आई विचारते तेव्हा तिला मागासलेली म्हणू नये. संस्थेतील दोन माणसांची घरच्यांशी ओळख करून द्यावी आणि त्यांना एकदा तालमीला बोलवावे. अनेक घरांमधला विरोध त्या एका संध्याकाळी निवळतो. ‘लग्नानंतर काय ते कर’ असे सांगून वेळ मारून नेणाऱ्या पालकांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे, की तसे करू नये. लग्नानंतर परवानगी मागण्याची घरे दोन होतात, आणि मुलीच्या उमेदीची वर्षे त्यात संपतात.

नाट्यशिक्षण घ्यावे का?

जमत असेल तर अवश्य घ्यावे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी हे त्यातले परिचित पर्याय आहेत. पदवीमुळे कामे मिळतील या अपेक्षेने जाऊ नये. दोन-तीन वर्षे दुसरे काहीही न करता केवळ नाटक करायला मिळते, हा तेथील खरा लाभ आहे.

नोकरी सोडण्याआधी कोणती कागदोपत्री तयारी करावी?

ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग पाच वर्षांची सेवा लागते आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन या हिशेबाने ती मिळते, त्यामुळे साडेचार वर्षे झाली असतील तर थोडे थांबावे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून पहिल्या वर्षीचा खर्च भागवण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याच्याशी जोडलेल्या निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा झाली तर पुढे निवृत्तिवेतन मिळू शकते, हेही पाहावे.

सर्वांत महत्त्वाचा आहे आरोग्य विमा. कंपनीचे संरक्षण नोकरीबरोबर संपते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणून नोकरी चालू असतानाच स्वतःची आणि शक्य असल्यास आई-वडिलांची स्वतंत्र पॉलिसी सुरू करावी, किंवा कंपनीच्या विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विचारून घ्यावी. क्रेडिट कार्ड आणि आवश्यक असेल ते कर्ज यांचे अर्ज पगाराच्या पावत्या हातात असतानाच करावेत, कारण स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका सहसा मागील दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागतात. मानधनातून बहुतेकदा दहा टक्के कर आधीच कापून घेतला जातो, तेव्हा उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र दरवर्षी भरावे. कापलेला कर परत मिळतो आणि उत्पन्नाचा पुरावाही तयार होतो.

आवडीचे काम पोटासाठी करू लागलो तर आवड नाहीशी होईल का?

काही जणांची होते. एकाच विनोदी नाटकाचा तीनशेवा प्रयोग, तापाने फणफणलेल्या अंगाने, अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहात करावा लागतो, तेव्हा पहिल्या करंडकाचा आनंद शोधूनही सापडत नाही. ज्यांना नाटकाचे कौशल्य म्हणून आकर्षण असते, आज तो विराम कालच्यापेक्षा बरा घेतला गेला का, असा विचार ज्यांच्या मनात तेव्हाही येतो, ते टिकतात. ज्यांना नाटक हे रोजच्या आयुष्यातून सुटण्याचे साधन वाटत होते, त्यांच्यासाठी तेच रोजचे आयुष्य झाल्यावर सुटण्याची जागा उरत नाही. आपण कोणत्या प्रकारचे आहोत, हे नोकरीत असतानाच एखादे नाटक सलग वर्षभर करून पाहिल्यास बरेचसे कळते.

ठरवलेली मुदत संपली आणि जमले नाही, तर?

परत फिरावे, आणि मान ताठ ठेवून फिरावे. रंगभूमीवरील चार वर्षांत माणूस वेळ पाळणे, अनोळखी लोकांसमोर बोलणे, पंधरा जणांना घेऊन तारखेपर्यंत काम तडीस नेणे शिकलेला असतो. अर्जात या काळाला मोकळी जागा ठेवू नये, केलेल्या निर्मितींची आणि सांभाळलेल्या जबाबदाऱ्यांची स्पष्ट नोंद करावी. शिक्षणक्षेत्र, आकाशवाणी, जाहिरात, प्रशिक्षण आणि कार्यक्रम व्यवस्थापन या ठिकाणी या अनुभवाची किंमत समजते. मूळ पदवीच्या क्षेत्रात परतायचे असेल तर पहिला पगार बरोबरीच्यांपेक्षा कमी मिळेल, हे आधी धरून चालावे, आणि मधल्या काळात वर्षाकाठी एखादा छोटा अभ्यासक्रम करीत राहावे, म्हणजे दरी फार रुंदावत नाही.

नोकरीकडे परतल्यावर नाटकाशी नाते कसे ठेवावे?

राज्य शासनाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा १९५४ पासून होत आली आहे आणि तिची प्राथमिक फेरी राज्यातील अनेक केंद्रांवर होते. गोव्यात कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा आहे आणि तेथे देवळांच्या उत्सवांतून नाटक करणारी नोकरदार मंडळी गावोगावी आहेत. परदेशातील महाराष्ट्र मंडळांमध्येही दिग्दर्शन जाणणाऱ्या माणसाची वाट पाहिली जाते. आपल्या जिल्ह्याच्या केंद्रावर कोणत्या संस्था उतरतात, त्यांची तालीम कुठे चालते आणि त्यांना प्रकाशयोजना, संगीत किंवा रंगमंच व्यवस्था यांपैकी कशासाठी माणूस हवा आहे, याची चौकशी स्पर्धेच्या तीन-चार महिने आधी करावी. बहुतेक संस्थांना नटांपेक्षा या कामांसाठीच माणसांची अधिक गरज असते.